कुत्र्याने नको ते खाल्लं तर लगेच काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

कुत्र्याच्या तोंडात काहीतरी भलतंच दिसलं की घरातले सगळे आधी ओरडतात, आणि ओरडा ऐकून कुत्रा ती वस्तू टाकत नाही, गटकन गिळून टाकतो, कारण त्याला वाटतं आता हे आपल्याकडून काढून घेणार. म्हणून आवाज खाली ठेवा, मागे पळू नका, त्याला जीव की प्राण असलेलं काहीतरी खायचं हातात घेऊन शांतपणे बोलवा आणि अदलाबदल करा. तोंडात हात घालायचा तो फक्त वस्तू समोर दिसत असेल, सहज निघणार असेल आणि कुत्रा शांत असेल तरच. घाबरलेला कुत्रा घरच्या माणसालाही चावतो, आणि ओढाओढीत वस्तू उलट घशात ढकलली जाते.

गिळलंच असेल तर आधी त्याला तिथून बाजूला करा आणि दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावा. मग जमिनीवर जे उरलंय ते सगळं गोळा करा, पॅकेट, रॅपर, गोळ्यांची पट्टी, चावलेले तुकडे, उलटी झाली असेल तर तीसुद्धा, हातात ग्लोव्हज किंवा प्लास्टिकची पिशवी घालून. हे टाकून देऊ नका, डॉक्टरांना यातूनच सगळ्यात जास्त माहिती मिळते. घरात दोन कुत्री असतील आणि कुणी किती खाल्लं हे माहीत नसेल तर प्रत्येकाने सगळंच खाल्लंय असं धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "आत्ता तर ठीक दिसतोय, शेपूट हलवतोय, बघू संध्याकाळपर्यंत" या एका वाक्याने जितकी कुत्री जातात ना, ते वाचून मला अजूनही त्रास होतो. विष पोटात जाणं आणि ते बाहेर दिसणं यात बरंच अंतर असतं. चॉकलेटचा त्रास साधारण सहा ते बारा तासांत दिसतो, द्राक्षांमुळे किडनी बिघडते ती एक ते तीन दिवसांत, कांद्याने रक्त कमी झालेलं बऱ्याचदा तीन ते पाच दिवसांनी कळतं आणि उंदराच्या औषधाचा जो सर्वात माहितीतला प्रकार आहे त्यात तर तीन-चार दिवस कुत्रा अगदी नॉर्मल खेळतो आणि मग अचानक आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. पोटातून विष उलटीने बाहेर काढता येण्याची वेळ मात्र साधारण पहिले दोन तासच असते (काही पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात, त्यात थोडी जास्त मिळते). म्हणजे तो ठीक दिसत असतो तीच खरी उपचाराची वेळ. लक्षणं दिसायची वाट बघायची नाही, खाल्लंय असा दाट संशय आला तरी फोन करायचा.

फोनवर काय सांगायचं ते आधी दहा सेकंद मनात जुळवून घ्या. घाबरलेला माणूस "डॉक्टर, काहीतरी करा, त्याने गोळ्या खाल्ल्या" एवढंच म्हणत राहतो आणि डॉक्टरांना एकेक गोष्ट खोदून विचारावी लागते. असं सांगा: "डॉक्टर, माझा कुत्रा १२ किलोचा आहे, वय तीन वर्षं, अर्ध्या तासापूर्वी त्याने पॅरासिटामॉल ५०० च्या पट्टीतल्या जास्तीत जास्त सहा गोळ्या खाल्ल्यात, पट्टी माझ्या हातात आहे, शुद्धीत आहे, उलटी झालेली नाही, दुसरं कुठलं औषध चालू नाही." वजन, पदार्थ, जास्तीत जास्त किती, कधी, आत्ता कसा आहे. किती खाल्लं ते नक्की माहीत नसेल तर पॅकेटमध्ये आधी किती होतं त्यातून उरलेलं वजा करा आणि येणारा मोठा आकडा सांगा, मनाला बरं वाटावं म्हणून छोटा सांगू नका.

आणि खरं सांगा. बऱ्याच घरांत काय होतं, मुलाने चॉकलेट खाली ठेवलेलं असतं किंवा आजोबांची गोळी हातातून पडलेली असते आणि ओरडा बसेल म्हणून कुणी बोलतच नाही. कुणाची चूक झाली ते नंतर बघता येईल, आत्ता सगळ्यांना समोर बसवून प्रेमाने विचारा की काय होतं आणि कुठे होतं. गांजा, दारू, कुणाची झोपेची किंवा मानसिक आजाराची औषधं, यातलं काहीही असलं तरी डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना तुमची चौकशी करायची नसते, कुत्र्याला काय द्यायचं ते ठरवायचं असतं.

काही देशांत फक्त प्राण्यांच्या विषबाधेसाठी चोवीस तास हेल्पलाइन असतात, तिथे फी घेतात आणि केस नंबर देतात, तो नंबर नंतर आपल्या व्हेटला दिला की दोघांचं थेट बोलणं होतं. तुमच्याकडे असं काही असेल तर तो नंबर आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा, कारण अशा गोष्टी हमखास रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी होतात.

आता घरी उलटी काढायचा विषय. मिठाचं पाणी पाजा, मोहरी द्या, घशात बोट घाला, हे सल्ले अजूनही फिरत असतात आणि माझी हात जोडून विनंती आहे, यातलं काही करू नका. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की मूळ पदार्थापेक्षा त्या मिठानेच झटके येऊन कुत्रा दगावतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचं नाव तुम्ही ऐकलं असेल, काही डॉक्टर दवाखाना फारच लांब असेल तर ३ टक्क्यांचं, वजनाप्रमाणे मोजून द्यायला सांगतातही, पण ते डॉक्टरांनी त्या वेळी त्या कुत्र्यासाठी सांगितलं तरच. त्याने जठराला जखमा होऊ शकतात आणि फेस फुप्फुसात गेला तर वेगळंच संकट उभं राहतं, म्हणून मी इथे त्याचं प्रमाण मुद्दाम देत नाहीये. दवाखान्यात ॲपोमॉर्फिनचं इंजेक्शन देतात, त्याने काही मिनिटांत व्यवस्थित उलटी होते आणि काही बिघडलं तर सांभाळायला माणसं समोर असतात.

काही गोष्टींत तर उलटी काढणंच धोक्याचं आहे. टॉयलेट क्लीनर, ड्रेन क्लीनर असलं ॲसिड किंवा अल्कली पोटात गेलं असेल तर ते वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. पेट्रोल, रॉकेल, थिनर फुप्फुसात जातं. बटन सेल, सुई, काच यांतही नाही. कुत्रा गुंगीत असेल, लडखडत असेल, झटके येत असतील तर नाहीच नाही, आणि पग, फ्रेंच बुलडॉग असल्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत डॉक्टरसुद्धा खूप जपून निर्णय घेतात.

दूध पाजलं की विष उतरतं हाही गैरसमजच आहे, उलट काही पदार्थ चरबीबरोबर जास्त शोषले जातात. भाकरीचा तुकडा, तेल, तूप, लिंबूपाणी, काहीही देऊ नका. ॲक्टिव्हेटेड चारकोलसुद्धा स्वतःच्या मनाने नाही. ते बऱ्याच विषांना धरून ठेवतं हे खरं, पण झायलिटॉल (शुगर-फ्री पदार्थांतली गोडी), दारू, गाडीचं कूलंट, लोह यांवर त्याचा जवळपास काही उपयोग नाही आणि चुकून श्वासनलिकेत गेलं तर निस्तरणं फार अवघड होतं.

आता एकेका पदार्थाकडे येऊ. चॉकलेटमधे थिओब्रोमीन आणि कॅफीन असतं, माणसाचं शरीर थिओब्रोमीन पटकन बाहेर टाकतं पण कुत्र्याच्या शरीरात ते निम्मं व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. कोणतं चॉकलेट यावर सगळं आहे. व्हाइट चॉकलेटमधे हे जवळपास नसतंच, मिल्क चॉकलेटमधे एका ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम, बेकिंगच्या बिनसाखरेच्या चॉकलेटमधे १५ च्या आसपास आणि कोको पावडरमधे त्याहूनही जास्त. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमला उलट्या-जुलाब आणि अस्वस्थपणा सुरू होतो, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. आता हिशेब बघा, १०० ग्रॅमचं मिल्क चॉकलेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. ३० किलोच्या लॅब्रडॉरला किलोमागे ७ सुद्धा पडत नाही, पोट बिघडेल कदाचित, पण तेच ४ किलोच्या छोट्या कुत्र्याने खाल्लं तर किलोमागे ५० झाले, म्हणजे हृदयाचा प्रश्न. आणि तेवढंच बेकिंग चॉकलेट असेल तर मोठ्या कुत्र्यालाही ५० च पडतं. म्हणून "शेजाऱ्यांच्या कुत्र्याने खाल्लं, त्याला काही झालं नाही" याला काही अर्थ नाही, रॅपर आणि वजन बघा. हा हिशेब अंदाज यावा म्हणून आहे, फोन टाळायला नाही.

झायलिटॉलबद्दल मात्र अजून खूप लोकांना माहीतच नाहीये आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. शुगर-फ्री च्युइंगम, मिंटच्या गोळ्या, काही टूथपेस्ट, माउथवॉश, काही पीनट बटर, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या यांत ते असतं, लेबलवर कधी बर्च शुगर किंवा ई ९६७ असंही लिहिलेलं असतं. माणसाला त्याचं काही होत नाही, पण कुत्र्याच्या स्वादुपिंडाला ती साखर वाटते आणि ते भसाभस इन्सुलिन सोडतं, त्यामुळे अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर खाली येते आणि कुत्रा गळाल्यासारखा होतो, तोल जातो, कोसळतो, झटके येतात. किलोमागे ०.१ ग्रॅमला साखर उतरू शकते आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे लिव्हर निकामी व्हायचा धोका असतो. छोट्या कुत्र्याला काही ब्रँडच्या एक-दोन गोळ्याही पुरतात. इथे थांबायला वेळच नाही, सरळ गाडीत घाला आणि निघा, फोन वाटेत दुसऱ्याला करू द्या. वाटेत तो मलूल पडायला लागला पण शुद्धीत असेल तर डॉक्टर कधीकधी हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळायला सांगतात, हे त्यांना फोनवर विचारून करा.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांचं विचित्र असं की किती खाल्ल्यावर त्रास होईल ते आधी सांगता येत नाही, एखादा कुत्रा बरेच पचवतो आणि एखाद्याची किडनी थोड्याशाने जाते. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या विषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये यामागे टार्टरिक ॲसिड असावं असं मांडलं आणि ते प्रमाण द्राक्षागणिक बदलतं, म्हणूनच हा बेभरवसा. त्यामुळे "दोनच खाल्ली" असं असलं तरी विचारायचंच. मनुका वाळलेल्या असतात म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त, केक आणि बिस्किटांतल्या मनुकाही त्यात आल्या.

कांदा, लसूण कच्चं असो की शिजवलेलं फरक पडत नाही, पावडर तर अजून तीव्र. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने लाल पेशी फुटायला लागतात. लघवी गडद तपकिरी झाली, हिरड्या पांढुरक्या झाल्या, थोडं चालून धाप लागली तर "परवा कांदा खाल्ला होता" हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण तोवर आपणच विसरलेलो असतो.

उंदीर मारायचं औषध खाल्लं असेल तर पॅकेट म्हणजे जीव की मरण एवढा फरक आहे. रंगावरून काही कळत नाही, हिरवी वडी म्हणजे अमुक असं काही नसतं. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकाराला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे आणि तो उत्तम काम करतो. ब्रोमेथॅलिन नावाच्या दुसऱ्या प्रकाराने मेंदूला सूज येते, त्याला उतारा नाही, लवकर बाहेर काढणं एवढंच हातात. व्हिटॅमिन डी-३ वाल्या प्रकाराने कॅल्शियम वाढून किडनी जाते. झिंक फॉस्फाइड असेल तर पोटातल्या ॲसिडमुळे विषारी वायू तयार होतो, म्हणून त्या कुत्र्याला काहीही खायला द्यायचं नाही, आणि गाडीत त्याला उलटी झाली तर काचा उघडा, तो वायू तुम्हालाही घातक आहे.

माणसांच्या औषधांत पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं, हिरड्या तपकिरी पडू शकतात, पण त्याला उतारा आहे आणि लवकर दिला तर कुत्रा वाचतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी जठरात अल्सर होतात आणि किडनीला मार बसतो. दुखणाऱ्या गुडघ्याला लावलेलं जेल कुत्रा प्रेमाने चाटत बसतो तेही यातच आलं. अस्थमाचा इनहेलर चावून फुटला तर त्यातला सगळा डोस एकदम तोंडात जातो आणि हृदय धडधडायला लागतं, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही.

गाडीचं कूलंट किंवा अँटीफ्रीझ, ज्यात इथिलीन ग्लायकोल असतं, ते चवीला गोड असतं. आधी कुत्रा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, मग काही तासांनी चक्क बरा वाटायला लागतो, आणि त्याच वेळी आत किडनी जात असते. उतारा पहिल्या आठ-बारा तासांतच उपयोगी. गोगलगायी मारायचं औषध आणि शेतीची कीटकनाशकं यांत लाळ, थरथर, झटके लवकर दिसतात. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ पोटात फुगतं आणि त्यातून अल्कोहोलही तयार होतं. विषारी बेडूक तोंडात धरला असेल तर कुत्र्याचं तोंड खाली करून ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ, टाळू पुसून काढा, फडकं परत परत धुवून घ्या, पाणी घशाकडे जाईल असं ओतू नका.

विष नाही पण अडकणाऱ्या वस्तू, मोजे, खेळण्याचे तुकडे, मक्याचं कणीस, शिजवलेली हाडं, दोरा, हाही तितकाच गंभीर प्रकार आहे. इथे लक्ष ठेवायचं ते परत परत होणाऱ्या उलट्यांवर, पाणीही न टिकण्यावर, शी न होण्यावर, पोटाला हात लावू न देण्यावर आणि पुढचे पाय खाली पसरून मागचा भाग वर धरून बसण्यावर, पोट दुखत असलं की कुत्री असं करतात. एक्सरेत कापड आणि प्लास्टिक बऱ्याचदा नीट दिसत नाही, त्यामुळे "मोजा गेलाय" हे तुम्ही सांगणं फार महत्त्वाचं. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतमधे आतडं त्या दोऱ्यावर गोळा झालेलं असू शकतं आणि ओढल्यावर ते कापलं जातं. बटन सेल मात्र वेगळा, तो काही मिनिटांतच अन्ननलिका भाजायला लागतो, तिथे वाट बघायची नाही.

निघायच्या आधी एकदा हिरड्या बघून घ्या, हे आज तुमचा कुत्रा धडधाकट असतानाच शिकून ठेवा. वरचा ओठ अलगद उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. तिथे पांढरा ठसा उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होतो, हे नॉर्मल. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, मग खालच्या पापणीच्या आतली बाजू बघा. पांढरट, निळसर, पिवळट, चॉकलेटी यातलं काही दिसलं किंवा गुलाबी व्हायला वेळ लागला तर डॉक्टरांना तसं सांगा आणि आता जराही थांबू नका.

गाडीत त्याला कुशीवर झोपवा, उलटी होत असेल तर तोंड थोडं खाली, तोंडाला पट्टी बांधू नका, उलटी घशात अडकते. झटके आले तर तोंडात हात किंवा चमचा घालायचा नाही, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करायचं, किती वेळ चाललं ते घड्याळात बघायचं आणि जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. केसांवर काही सांडलं असेल आणि कुत्रा शुद्धीत, शांत असेल तर भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, नाहीतर तो तेच परत चाटतो. दवाखान्यात आधी फोन करून निघा म्हणजे ते तयारीत राहतात.

घरी आणल्यावरही थोडं लक्ष लागतं. चारकोल दिलं असेल तर शी काळी होते, घाबरू नका. चॉकलेटमधे थिओब्रोमीन मूत्राशयातून परत शोषलं जातं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्याला वरचेवर लघवीला न्या. द्राक्षांच्या केसमधे किडनीची रक्ततपासणी एकदा चांगली आली म्हणून पुढची टाळू नका. आणि उंदराच्या औषधात व्हिटॅमिन के-१ च्या गोळ्या साधारण तीन-चार आठवडे चालतात, कुत्रा पहिल्या आठवड्यातच उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात, तसं करू नका, कोर्स पूर्ण करा, त्या काळात पळापळ आणि दंगामस्ती कमी ठेवा, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची टेस्ट करून घ्या, ती नॉर्मल आली तरच उपचार थांबवायचे, नाहीतर गोळ्या परत सुरू होतात.